नामाभाऊंचा युरोप

नामाभाऊंना 'कसे आहात?' असं विचारलं, की ते युरोप कसा आहे ते सांगतात. आणि युरोप कधीच बरा नसतो.

पेणमध्ये ते माझे भिंतीला भिंत शेजारी. धाटावच्या एका केमिकल कंपनीत ऑपरेटर होते, रोह्याला राहायचे. निवृत्त झाले, बायको गेली, मग इकडे आले. मोबाईलवर परदेशी बातम्या वाचतात आणि दुधाची पिशवी घ्यायला मी दार उघडलं, की सुरू होतात, "ऐकलात काय? परत तोफा!"

त्यांचं म्हणणं असं : युरोपवाल्यांनी धूर कमी करायचं ठरवलं होतं. मग शेजारी लढाई पेटली. आता पैसा तोफांकडे चाललाय आणि धुराचे नियम सैल होतायत. "धुरानं समुद्र चढतो. आपल्या खाडीचं पाणी तिकडं ठरतंय," हे त्यांचं पालुपद.

अर्धवट हिशेब मला सोसत नाही. मी म्हणालो, "दुसरी बाजूही धरा. रशियाचा गॅस नको म्हणून त्यांनीच पवनचक्क्या आणि सोलर वाढवले. लढाईमुळेच ना?"

"व्हय. आणि रणगाड्याचा धूर धरलात?"

मी शोधलं. सैन्याचा धूर कळवण्याची देशांवर सक्ती नाही. कोणी कळवतं, कोणी अर्धामुर्धा. म्हणजे बेरीजच कच्ची. मला जेवण गेलं नाही. माझ्या वाटणीची वालाची उसळ नामाभाऊंनी संपवली.

गणपतीच्या कारखान्यात मूर्ती ठरवायला गेले, तिथेही तेच. "एका हातात परशू, दुसऱ्यात मोदक. देवाला दोन्ही जमतं. ह्या युरोपवाल्यांना का नाय?"

"देवाला चार हात हायत, भाऊ," कारागीर म्हणाला. "मूर्ती किती फुटांची, ते सांगा."

नामाभाऊंचं गाव खाडीकाठचं. तिथली शेती भरतीच्या पाण्याहून खाली, सगळा भरवसा मातीच्या बांधावर. बांध फुटला, की प्रत्येक घरातून एक माणूस चिखलाचं घमेलं घेऊन धावलाच पाहिजे, असा तिथला रिवाज. "उधाणाच्या दिवशी जो आपल्याच दाराला कडी घालत बसतो, तो गावकरी कसला?" युरोपवर त्यांचा हा शेवटचा निकाल.

आता गावातली बहुतेक घरं बंद आहेत. बाहेरचा बांध फुटला, शेतात खारफुटीची तिवरं उगवली. आतला बुटका बांध तेवढा उरलाय आणि त्याच्या आड त्यांच्या वयनींचं, थोरल्या भावाच्या बायकोचं, घर. तो गेला की घर गेलं. म्हणून दर अमावस्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला नामाभाऊ स्कूटर काढतात. एकदा मीही मागे बसलो.

"आला का युरोप?" वयनींनी ओट्यावरूनच विचारलं. "भावजी, चा घ्या आधी. पाणी काय पळून जात नाय."

नामाभाऊ चहा न घेताच घमेलं घेऊन बांधावर गेले. वयनींनी कप माझ्या हातात दिला.

"बाहेरचा बांध फुटला ना, तवा आमच्या मालकांनी भावजींना कंपनीत फोन केला. भावजी आले नायत. पुढच्या पाळीचा रिलीव्हर आला नव्हता. चालू रिॲक्टर टाकून माणूस येल कसा? मालक गेले, पण मनात राग ठेवून नाय गेले. मी किती येळा सांगितलं."

"मग ते काय म्हणतात?"

"मग युरोपचं काढतात."

मी चपला काढून बांधावर चढलो. भरती चढत होती. एक माणूस, एक घमेलं. त्या पाण्यापुढे कुठलाच हिशेब जुळत नव्हता. नामाभाऊ चिखल थापत होते. माझ्याकडे न बघताच म्हणाले,

"तुम्ही सगळं शोधून काढता. एक सांगा. ज्याला खरंच जागा सोडून येता येत नाय, त्याला गाव काय म्हणत असंल?"

मी मागे वळून वयनींच्या अंगणाकडे पाहिलं. बांधाच्या आतल्या बाजूला काढून ठेवलेल्या आमच्या चपलांखाली झिरपून पाणी आलं होतं.

नामाभाऊंनीही पाहिलं. त्यांनी पुन्हा घमेलं भरलं.