चुकलेला ठोका

दिवंगत वर्गमित्रांसाठी सगळे उभे राहिले, तेव्हा हातोड्याने शेजारच्या सशाचा हात धरला. हातोडा हा हाडांचा डॉक्टर आणि ससा त्वचेचा. ही नावं मेडिकल कॉलेजातली, पण केस पिकले तरी दोघांना चपखल बसत होती. व्यासपीठावरून शरीरक्रिया शिकवणाऱ्या जुन्या बाई गेलेल्यांची नावं घेत होत्या. मागच्या स्नेहमेळाव्यात सशाशेजारी बसून दोन वाट्या आइस्क्रीम हाणणारा कानाचा डॉक्टरही आता त्यांत होता. सशाला भरून आलं. हातोड्याने त्याचं मनगट आणखी घट्ट दाबलं, तेव्हा सशाला मैत्रीचा अर्थच कळल्यासारखा वाटला.

एवढ्यात हातोडा कानाशी पुटपुटला, "सशा, घाबरू नकोस हं."

डॉक्टर हे वाक्य कधी म्हणतात ते सशाला पक्कं ठाऊक होतं. तो स्वतः ते रोज म्हणायचा.

"काय झालं?"

"तुझा ठोका चुकतोय. तीन-चार नीट लागतात, मग एक गायब!"

सशाच्या काळजाचा ठोका तोवर चुकला नसलाच, तर आता नक्की चुकला. तो मटकन खुर्चीत बसला.

झालं! एवढे डॉक्टर एका जागी आणि पेशंट एकच. मेंदूवाला धावत आला. "सशा, हसून दाखव." ससा कसाबसा हसला. "अरे, तोंड वाकडं झालंय!"

"ते आमच्या लग्नाच्या फोटोतही वाकडंच आहे," सशाची बायको म्हणाली.

बाळंतपणवालीने त्याचा पट्टा सैल केला आणि सवयीने म्हणाली, "लांब श्वास घे. मी सांगेपर्यंत कळ द्यायची नाही." मानसोपचारवाल्याने मऊ आवाजात विचारलं, "मरणाची भीती वाटते का रे?"

"तू विचारेपर्यंत एवढी वाटत नव्हती!"

रुग्णालय समोरच होतं. सशाला स्ट्रेचरवर घालून सगळी वरात तिकडे निघाली. छताचे दिवे डोक्यावरून सरकू लागले, तशी त्याची पाचावर धारण बसली. कानाचा डॉक्टरही असाच गेला असेल का? त्याने बायकोचा हात धरला. "अगं, तुला समुद्र दाखवायचा राहिला."

"अहो, दरवर्षी हेच म्हणता. बरे व्हा, मीच तिकिटं काढते," ती म्हणाली आणि तोंड फिरवून तिने डोळे पुसले.

छातीला तारा लागल्या. यंत्रातून कागदाची पट्टी सरकत आली आणि दहा डोकी तिच्यावर वाकली. ठोके कवायतीला उभे राहिल्यासारखे सारख्या अंतरावर होते. एकही चुकला नव्हता.

"यंत्र बिघडलंय!" हातोडा ओरडला. "माझ्या हाताला चुकताना लागलंय."

तेवढ्यात काठी टेकत बाई आत आल्या. त्यांना ऐकू कमी यायचं, पण हा विषय बरोबर ऐकू आला. "नाडी कशी पाहिलीस? दाखव."

हातोड्याने सशाचं मनगट धरून दाखवलं. त्या अंगठ्यावर बाईंची काठी टपकन पडली.

"गाढवा! पहिल्या वर्षी काय शिकवलं होतं? नाडी बोटांनी बघायची. अंगठा लावला की आपलीच नाडी लागते!"

खोली हास्याने दणाणली. सशाचा जीव भांड्यात पडला आणि सगळ्यांत मोठ्याने तोच हसला. मग बाळंतपणवाली हसायची थांबली. मेंदूवाला थांबला. हातोडा आपल्या अंगठ्याकडे बघत उभा होता.

"म्हणजे चुकतोय तो..." तो म्हणाला आणि त्याने अंगठा मुठीत दडवला.

सशाला आपल्या हसण्याची लाज वाटली. तो खाटेवरून उतरला आणि त्याने हातोड्याला आपल्या जागी निजवलं. बूट काढायचंही कुणाला सुचलं नाही. छातीला तारा लावायची धांदल उडाली. सशाने त्याचं गार पडलेलं मनगट हातात घेतलं.

"बोटंच लावलीस ना रे?" हातोड्याने बारीक आवाजात विचारलं.

"बोटंच. बाई बघताहेत."

"लागतायत सगळे?"

ससा मोजू लागला. तीन लागले. चौथा लागला. पुढच्याची वाट बघत त्याने स्वतःचाच श्वास रोखला.

"लागेल," तो म्हणाला आणि त्याने हात सोडला नाही.