मित्रराष्ट्राला कसं बोलायचं?

दोन राष्ट्रांमधली मैत्री ही मानवजातीची सर्वोच्च कमाई आहे. शेजाऱ्यांच्या मैत्रीत वेळेला वाटीभर साखर तरी द्यावी लागते. राष्ट्रांच्या मैत्रीत फोटो निघेपर्यंत हात धरून ठेवला की झालं.

आमच्या रत्नागिरीत पूर्वी ही मैत्री फारच मागासलेली होती. मी लग्न होऊन बंदराजवळच्या घरात आले, तेव्हा परमुलखातला एक खलाशी आमच्या पडवीत तापाने फणफणत पडला होता. त्याची भाषा आम्हाला येत नव्हती, आमची त्याला. सासूबाईंनी त्याला पेज पाजली आणि शेजारच्या गनीचाचांनी मचव्यातून त्याच्या जहाजावर पोचवला. करार नाही, शिष्टमंडळ नाही, साधा फलकसुद्धा नाही. (असल्या अनधिकृत मैत्रीने देशाचं किती नुकसान झालं, याची आकडेवारी उपलब्ध नाही.)

आता सगळं रीतसर आहे. गावात मित्रराष्ट्र मंडळ आहे. त्याच्या अहवालानुसार मैत्रीत यंदा चाळीस टक्के वाढ झाली. पैकी तीस टक्के हारतुऱ्यांत, दहा टक्के जेवणांत.

अशा भरभराटीत गनीचाचांची सून फातिमा हिचा मुलगा अरशद मित्रराष्ट्राच्या बंदरात अडकला. त्याच्या जहाजाचा मालक दिवाळं काढून पळाला. बंदराने जहाज जप्त केलं. जप्त जहाजावर राखणीला माणूस हवा, असा तिथला नियम. म्हणून जहाजाबरोबर अरशदही जप्त. पाणी नासकं, भात एक वेळ, जमीन डोळ्यांसमोर आणि उतरायला बंदी.

फातिमा मला घेऊन मंडळाचे कार्यवाह निलेशभाऊ यांच्याकडे गेली. ते गहिवरले.

"चाची, तो शत्रूच्या देशात असता ना, तर आज संध्याकाळीच मोर्चा काढला असता. टीव्हीवाले आणले असते. पण मित्राला कसं बोलायचं?"

"मग काय पोराला सांगू, आधी दुश्मनाकडे जा नि तिकडे अडक?"

"चाची, यात राजकारण नको," निलेशभाऊ म्हणाले, आणि मित्रराष्ट्रातून येणाऱ्या शिष्टमंडळासाठी सांदणं करायचं काम त्यांनी तिच्यावर सोपवलं.

तिने केली, आंब्याचा रस घालून. भाट्याच्या किनाऱ्यावर मैत्रीचा माड लावून झाला, मुख्य पाहुण्यांनी चार सांदणं खाल्ली, तेव्हा फातिमाने ओढणीखालून सांदणांचा एक डबा काढून त्यांच्या हातात ठेवला.

"हा माझ्या अरशदला द्या, साहेब. तुमच्याच बंदरात आहे तो. आणि आमच्यात भांडं रिकामं परत करत नाहीत. डब्याबरोबर पोराला पाठवा."

दुभाष्याने निलेशभाऊंकडे पाहिलं आणि इंग्रजीत सांगितलं, "या माता म्हणतात, आमची मुलं तुमचीच आहेत." (मी जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं, म्हणून कळलं.) रिकाम्या भांड्याची चाल मात्र त्याने अगदी अचूक समजावली.

पाहुण्यांचे डोळे भरून आले. "तुमच्या मुलांना आमच्याकडून परत जावंसं कधीच वाटू देणार नाही," ते म्हणाले. टाळ्यांचा कडकडाट झाला. मग त्यांनी डबा तिथेच उघडून सहकाऱ्यांसह संपवला आणि आमच्या चालीचा मान राखून आत दोन्ही देशांच्या झेंड्यांचा बिल्ला घालून परत दिला.

घराशी रिक्षातून उतरताना फातिमा एवढंच म्हणाली, "यमुनावयनी, त्यातलं एक तरी त्याला मिळालं असतं गो." बिल्ला रिक्षातच राहिला. रिक्षावाल्याने तो आरशाला लावला आहे. मैत्री तळागाळात पोचली म्हणतात ती अशी.

अरशद अजून जहाजावर आहे. आता त्याचा फोनही लागत नाही.

ते राष्ट्र कोणतं, हे मी लिहिलेलं नाही. हा मजकूर ज्या जाणकारांना वाचायला दिला, त्या प्रत्येकाने तेवढंच विचारलं. नाव कळल्याखेरीज, त्यांच्या मते, अरशदबद्दल वाईट वाटून घ्यायचं की नाही हे ठरवता येत नाही. तुम्हीही मघापासून तेच ओळखत असाल.

ओळखा सावकाश. अरशद कुठे जात नाही.