जिन्यातलं बाकडं

ही गेल्याचं मला आमच्या दारासमोरच्या बाकड्यावर कळलं. सकाळची वेळ. एक बूट पायात, दुसरा हातात, शेजारी तिच्यासाठी भरलेला चहाचा थर्मास. हॉस्पिटलातून लेकीचा फोन आला. मी दुसरा बूटही घातला, कशाला ते माहीत नाही, आणि तिथंच बसून राहिलो. जिना चढणाऱ्या-उतरणाऱ्या प्रत्येकाने मला पाहिलं, त्यामुळे बिल्डिंगमध्ये कोणाला वेगळं सांगावं लागलं नाही.

हे आधी सांगतो, कारण पुढे जे झालं त्यात बाकड्याचा काहीही दोष नाही.

ही रोज संध्याकाळी भाजी निवडायला त्याच्यावर बसायची. बिल्डिंगमधली कुठलीही बातमी वर चढताना तिच्यापाशी दम खायची आणि मगच पुढे जायची. मी म्हणायचो, "घरात खुर्च्या आहेत की." ती म्हणायची, "बाहेर हवा छान येते." आमच्या जिन्याला एक खिडकी आहे, ती उघडत नाही. पण मी वाद घातला नाही.

तर यंदा सोसायटीचे सेक्रेटरी दारात आले. त्यांना आम्ही पाठीमागे 'परिपत्रक' म्हणतो. ते 'जेवलात का' हेसुद्धा मुद्दे पाडून विचारतात.

"काका, रविवारी अग्निशमन दलाचे साहेब तपासणीला येणार. मुद्दा एक, जिन्यात चपलांचं स्टँडसुद्धा चालणार नाही. नाहीतर बिल्डिंगला दाखला मिळणार नाही. मुद्दा दोन, तुमचं बाकडं."

"मुद्दा तीन?"

"तीन नाही. दोनच भारी आहे."

"हात्तिच्या! मी सगळी नोकरी गोदामात काढली. लोखंडी कपाटं हलवली. बाकड्याचं काय घेऊन बसलात? रविवारी सकाळी चहा उकळेपर्यंत घरात घेतो."

मदतीला जावईबापू आले. ते कॉम्प्युटरवर काम करतात. त्यांनी आजवर उचललेली सगळ्यात जड वस्तू म्हणजे आमची लेक, तीही फोटोपुरती.

आम्ही बाकडं आधी सरळ घातलं, मग आडवं, मग पाय पुढे करून. दाराची बेल पडली. चौकटीचा टवका उडाला. बाकडं बाहेरच.

"बाबा, आधी दार मोजू या का?"

"गोदामात आम्ही डोळ्यांनी मोजायचो."

"म्हणजे किती भरतंय?"

"चहा बंद करून या आधी."

घरात जात नाही तर खाली मीटिंगच्या खोलीत ठेवू, असं मी ठरवलं. जावईबापू खालच्या बाजूला गेले, मी वर राहिलो. पहिल्याच वळणावर बाकड्याचा एक पाय कठड्याच्या गजांत घुसला, पाठ भिंतीला टेकली आणि आमचं बाकडं हत्ती रुसावा तसं रुसलं.

"बाबा, थोडं तुमच्याकडे घ्या."

"माझ्याकडे भिंत आहे."

तेवढ्यात भोंगा वाजला. परिपत्रकांनी साहेब येण्याआधी आग लागल्याची रंगीत तालीम ठेवली होती. तशी नोटीस सगळ्या मजल्यांवर लावली होती. आमच्या मजल्यावर ती बाकड्याच्या बरोबर वर होती, म्हणजे बसणाऱ्याच्या डोक्यामागे.

वरचे सगळे मजले खाली निघाले आणि माझ्या पाठीशी येऊन थांबले.

"आग कुठे आहे?" मागून कोणीतरी विचारलं.

"आग नाही, बाकडं आहे."

"मग परत जाऊ का?"

"जाता येणार नाही, मागे लोक आहेत."

खालून गणवेशातले साहेब आले. बाकड्याचा दुसरा पाय त्यांच्या हनुवटीशी आला तेव्हा ते थांबले.

"हे काय आहे?"

गर्दीतून परिपत्रकांचा आवाज आला. "साहेब, मुद्दा एक, अडथळा हटवण्याचं काम चालू आहे."

"आणि आत्ता खरंच आग लागली असती तर?"

"मुद्दा दोन," परिपत्रक म्हणाले आणि खिशातला कागद चाचपू लागले. त्यांच्याकडचे मुद्दे संपलेले मी पहिल्यांदाच पाहिले.

तेव्हा वरच्या मजल्यावरच्या शिंपीणकाकू, हिची मैत्रीण, माझ्या खांद्यावरून डोकावल्या.

"भाऊजी, उगाच जीव काढू नका. ते खाली जाणार नाही."

"का? वर आलं ना?"

"बाकडं कुठं वर आलं? फळ्या आल्या. सुताराने तुमच्या दारापुढे बसून सरस लावून, खुंट्या ठोकून ते केलं. झाल्यावर कळलं की दारातून जात नाही. माझ्याच टेपने तिने माप घेतलं होतं, तेही उलट्या बाजूने धरून. मला म्हणाली, ह्यांना सांगू नकोस, जन्मभर गोदामाचं ऐकवतील."

"मी कुठे होतो तेव्हा?"

"गोदामात. लोकांचं सामान हलवत."

आधी जावई हसले, मग अख्खा जिना. मीही हसलो. बाहेर हवा छान येते म्हणे.

सगळ्यांनी मिळून ते ढकलत पुन्हा वर आणलं, जिथं होतं तिथंच. साहेब दमले होते. ते बाकड्यावर बसले आणि त्याच्यावर बसूनच त्यांनी लिहिलं की जिन्यात अडथळा आहे.

"काका, नियम तुमच्याच जिवासाठी आहे. धुरात माणसाला समोरचं दिसत नाही."

"पटतंय मला."

"मग कापून काढा. पुढच्या महिन्यात पुन्हा येतो. तेवढं सोडून बिल्डिंग ठीक आहे." उठताना त्यांनी बाकड्याच्या पाठीवरून हात फिरवला. "बसायला मात्र छान आहे."

त्याच संध्याकाळी जावईबापूंनी करवत आणून दिली. नवीकोरी, धारदार. परिपत्रक रोज जाता-येता तिच्याकडे बघतात, माझ्याकडे बघत नाहीत. काकू म्हणतात, "फळ्या मला द्या, कपडे ठेवायला मांडणी करते." साहेबांचं बरोबर आहे, काकूंचंही बरोबर आहे.

करवत बाकड्यावरच ठेवली आहे. सकाळी बूट घालताना ती जरा सरकवून बसतो. बाकडं अजून कापायचं राहिलं आहे.