पंजा सोडून बाकी सगळं

“साहेब, एकदाचं सांगून टाका,” संगप्पा मिस्त्रीने गाडीखालून डोकं बाहेर काढत विचारलं. “गाडी निस्ती चालती करायची, का पार नवी करायची?”

बापूसाहेब वकिलांना घाम फुटला. नायगावच्या कोर्टात चाळीस वर्षं दुसऱ्यांना घाम फोडलेला हा माणूस; पण दारातल्या एकाहत्तर सालच्या अँबेसिडरचा विषय निघाला की साक्षीदारासारखा अडखळायचा.

“नवी!” नात मनस्विनी ओट्यावरून ओरडली. “आबा, बावीस तारखेला लातूरच्या मंगल कार्यालयासमोर मी हिच्यातूनच उतरणार. फोटोत चमकली पाहिजे.”

“चमकंल की,” बापूसाहेब म्हणाले. “सगळं नवं कर, संगप्पा. फक्त पंजाला हात लावायचा नाही.”

संगप्पाने दोन्ही कानांच्या पाळ्यांना हात लावला. पंजा कोणाला माहीत नव्हता? गाडीच्या डाव्या बाजूच्या मागच्या दारावर चार लांब खाचा होत्या. शहात्तर साली किनवटच्या जंगलात, विश्रामगृहाच्या अंगणात, पहाटेच्या धुक्यात बिबट्याने गाडीवर झेप घेतली होती आणि बापूसाहेबांनी गाडी सुरू करायचं लोखंडी हँडल गरगर फिरवत त्याला पळवून लावलं होतं. तो बिबट्या दरसाल वीतभर वाढत गेला. आज आला असता तर अंगणात मावला नसता, शेपूट बसस्टँडवर ठेवावं लागलं असतं.

तालुक्यात कोणी नवा ट्रॅक्टर घेतला की पहिला नारळ या पंजापुढे फुटायचा. दसऱ्याला झेंडूचा पहिला हार पंजाला. झोपेत दचकणाऱ्या पोरांना आणून त्या खाचांवरून बोटं फिरवायला लावायचे. दोनदा गाडीला रंग चढला, पहिला तर किनवटहून आल्या आल्या, पण दोन्ही वेळा रंगाऱ्याने खाचा बुजवल्या नाहीत. त्याची छातीच झाली नाही.

आता तुम्ही घरचेच, म्हणून खरं सांगतो. त्या पहाटे बापूसाहेब गाढ झोपले होते. पत्नी इंदूताईंनी चहाचा कप पुढे करत सांगितलं, “अहो, बिबट्या येऊन गेला. गाडीला पंजा मारलाय.” बिबट्या बापूसाहेबांनी पाहिलाच नव्हता. हँडल तेवढं त्यांनी स्वतःच्या पदरचं घातलं होतं.

संगप्पा मूळचा देगलूरचा. त्याने देवाचं नाव घेऊन काम धरलं आणि गाडी रुसायला लागली. इंजिन सुरू झालं तर ब्रेक लागेना. ब्रेकसाठी चाक काढलं तर मडगार्डचा पत्रा हातात आला. मडगार्ड नवं बसवलं तर शेजारचं बॉनेट गरीब दिसायला लागलं. बॉनेट रंगवलं तर छत म्हणालं, मी काय पाप केलं?

चौथ्या दिवशी संगप्पाने डिक्की उपसली.

“अय्यो! साहेब, हे हँडल बघा की! पट्टीत जसंच्या तसं बसलंय. कंपनीचा तेलकट कागद सुदीक निघाला न्हाई. जल्मात कुणी हात लावला न्हाई जणू!”

बापूसाहेबांना एकदम ठसका लागला. “ते दुसरं. बिबट्याचं हँडल वेगळं होतं.”

“गाडीबरोबर दोन हँडलं यायची, आबा?” मनस्विनीने विचारलं.

“तेव्हा यायची!”

ओट्यावर इंदूताई शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही. एक शेंग मात्र फुटायला जरा जास्त वेळ लागला.

शेवटी रंग आला. तीन दारं दुधासारखी पांढरी झाली. चौथ्या दारावर पंजा. संगप्पाने त्याच्यावर वर्तमानपत्र ठेवलं, चारी बाजूंनी चिकटपट्टी मारली आणि पट्टी हलू नये म्हणून भक्तिभावाने खाचांवरूनही आडव्या चार पट्ट्या दाबल्या. भक्ती नडते ती अशी.

दुसऱ्या दिवशी पंजा उघडायचा म्हणून अर्धी गल्ली जमली. शेजारचे महादेवप्पा टोपी घालून, हार घेऊन आले. संगप्पाने पट्टीचं टोक धरलं आणि ओढलं. पट्टीबरोबर जुन्या रंगाचे दोन्ही थर सालीसारखे निघून आले.

खालून चार खाचा उघड्या पडल्या. सरळ, एकसारख्या अंतरावर. आणि चारही खाचांत रंग होता. हिरवागार.

संगप्पाने नखाने खरवडून वास घेतला. “साहेब, हा तर ऑइल पेंट हाय. गेटला मारतेत तो.”

सगळी गल्ली खाचांवर वाकली. गाडीच्या रेडिएटरमधून पाणी टपकत होतं. बापूसाहेबांच्या डोळ्यांपुढे विश्रामगृहाचं गेट उभं राहिलं. हिरवं. बाहेर डोकावणाऱ्या चार बोल्टांचं. पन्नास वर्षं आपण ज्या जनावराशी झुंजलो ते आलंच नव्हतं, हे त्यांना तिथे, भर गर्दीत समजलं. आता एकाने जरी तोंड उघडलं असतं तर झेंडू, नारळ, दचकणारी पोरं, सगळी इज्जत त्या रेडिएटरच्या पाण्यात वाहून गेली असती.

तोंड महादेवप्पांनी उघडलं.

“संगप्पा, दिमाग लाव जरा. बिबट्या अंगणात आला कुठून?”

“कुठून?”

“गेटवरून! लोखंडी गेट खरवडत चढला, नखात रंग भरला, आन् त्याच पंजानं गाडी फाडली!”

“आई गं!” गर्दीतून आवाज आला. “लोखंड खरवडलं?”

“मंग तो बिबट्या न्हाई,” दुसरा म्हणाला. “वाघच आसंल.”

लोक एकेक करून पुढे आले, हिरव्या खाचेला बोट लावून कपाळाला लावू लागले. संगप्पाने तर दारासमोर लोटांगणच घातलं. संध्याकाळपर्यंत हिमायतनगरला बातमी पोचली की वाघ दोन होते.

गर्दी पांगली. संगप्पा चहाला गेला. इंदूताई अंगणात उतरल्या.

“किल्ली द्या. गाडी उन्हात हाय, ओला रंग फाटंल.”

“संगप्पाला येऊ दे की.”

“द्या म्हणते ना.”

त्यांनी पदर कमरेला खोचला, गाडीत बसल्या, क्लच दाबला, एकदा आरशात आणि एकदा खिडकीतून मागे पाहिलं. मग ती अवाढव्य गाडी कडुलिंब आणि फाटकाच्या मधून लोण्यासारखी मागे सरकली आणि फाटकापासून बरोब्बर चार बोटांवर थांबली.

बापूसाहेबांचं तोंड उघडं ते उघडंच. बिबट्याची गोष्ट सांगताना लोकांचं असंच उघडं राहायचं. स्वतःवर ही पाळी पहिल्यांदाच आली.

“कधी शिकलीस?”

“माहेरी ट्रॅक्टर होता न्हाई का. त्या पहाटे तुम्ही घोरून राहिले होते. म्हटलं, जंगलातून एक चक्कर मारावी. जाताना झ्याक गेले. येताना तुम्ही उठायच्या आत लावावी म्हणून घाईनं मागं घेतली, आन् ते गेट मधी आलं. हिरवा रंग दिसू नये म्हणून खाचांत चिखल चोपडला.”

“म्हणजे बिबट्या...”

“तुम्ही चिडाल म्हणून म्हटलं. वाटलं, दोन दिवसांत विसराल. तर चहा संपायच्या आत तुम्ही खानसाम्याला हँडलची गोष्ट सांगायला लागलात!”

“अगं, मग तेव्हाच बोलायचं होतंस!”

“काय बोलू? बिबट्या मी आणला, तुम्ही पळवला. फिट्टंफाट.”

बावीस तारखेला गाडी लातूरच्या कार्यालयासमोर थांबली. पांढरीशुभ्र, आणि दारावर चार हिरव्या खाचा. मागे नवरी, पुढे इंदूताई चालवायला आणि शेजारी मांडीवर हँडल घेऊन बापूसाहेब. कागद अजून तसाच. वरपक्षाने गाडीला गराडा घातला. “वकीलसाहेब, हाच का तो पंजा? झालं काय नेमकं?”

“किनवटचं जंगल,” बापूसाहेबांनी आवाज लावला. “पहाटेचं धुकं. त्याने झेप घेतली...” त्यांची नजर इंदूताईंकडे गेली. “मला तर हँडलचा कागद काढायलाही वेळ मिळाला नाही. तेवढ्यात हिने गाडी घेतली ती थेट त्याच्या अंगावर!”

गर्दी इंदूताईंकडे बघतच राहिली. नवरदेवाच्या आजीने तर हात जोडले. पन्नास वर्षांत पहिल्यांदा त्या गोष्टीत निम्मं खरं होतं.

“रिव्हर्समधी,” इंदूताई हळूच म्हणाल्या आणि किल्ली पदराच्या टोकाला बांधली.