विशूच्या गाडीचे नऊ टप्पे

एका जंगलात सगळ्यांना पाय होते आणि एकाला गाडी होती. तो एक म्हणजे विश्वंभर अस्वल. बाळांनो, हसू नका. ज्याच्या दारात गाडी नाही त्यानंच हसावं, आणि सांगणाऱ्याच्या दारात आहे.

विश्वंभरला एक थोरली बहीण होती, इंदूअक्का. तिला ओढ्यापलीकडच्या डोंगरात दिली होती. दर भाऊबीजेला ती बसनं जांभूळफाट्यावर उतरायची आणि विश्वंभर तिला गाडीतून घरी आणायचा. गेल्या वर्षी तिच्यासोबत भाऊजीही आले. गाडीत बसल्या बसल्या म्हणाले, "ही गाडी आहे की गुहा?"

घरी आल्यावर चुलीपाशी अक्कानं हळूच डोळे पुसले. ते विश्वंभरनं पाहिलं. त्यानं ठरवलं, पुढच्या भाऊबीजेला गाडी अशी चमकेल की अक्काची मान ताठ होईल.

ठरवायला त्याला एक क्षण लागला. मग तो वर्षभर विसरला. आठवण झाली ती थेट भाऊबीजेच्या सकाळी नऊ वाजता. बस बाराची होती.

त्यानं बादली आणि फडकं घेतलं. एवढ्यात शेजारच्या उंबरावरून सदोबा वानर ओरडला. सदोबाकडे मोबाइल होता, त्यामुळे त्याला सगळं कळायचं.

"अहो, फडकं कसलं मारताय? गाडीला टप्पे असतात. हा पांडा बघा."

पांडा परदेशातला होता. काळे हातमोजे घालून तो आठ टप्प्यांत गाडी साफ करत होता. त्याला दोन दिवस लागत होते. पांडाला बहीण नव्हती, किंवा असलीच तर ती व्हिडिओत नव्हती.

"माझ्याकडे तीनच तास आहेत," विश्वंभर म्हणाला.

"मग तर आखणी हवीच," सदोबा म्हणाला.

विश्वंभरनं फडकं ठेवलं आणि कागद घेतला. पट्टीनं रेघा मारल्या. आधी चाकं, मग धुणं, मग पॉलिश, मग मेण. काचा, सीटा वगैरे त्याखाली. पांडाचे आठ टप्पे लिहून झाल्यावर त्यानं नववा स्वतःच्या मनानं घातला: 'बारा वाजता, अक्का.' त्याला तांबड्या पेनानं चौकट केली. कागद इतका देखणा झाला की त्यानं तो भिंतीला लावून दोनदा लांबून पाहिला. तेव्हा सव्वादहा वाजले होते.

आता वेळ पुरेना. म्हणून त्यानं न्याहारीला काट मारली. मग अंघोळीला मारली. गाडीच्या एकाही टप्प्याला काट मारवेना, कारण पांडानं मारली नव्हती.

चाकांना तो दात घासायचा ब्रश घेऊन बसला. प्रत्येक नटाभोवती सात वेळा. दोन चाकं झाली तेव्हा अकरा वाजून गेले होते. "वा! आरसा झाला आरसा!" सदोबा वरून म्हणाला. मग काय, विश्वंभर आणखी जोरात घासायला लागला. डावी बाजू आणि बॉनेट इतकं झालं आणि पावणेबारा वाजले. उजवी बाजू गेल्या पावसाळ्यातल्या चिखलासकट तशीच होती. तो म्हणाला, अक्काला डावीकडूनच बसवू.

शेवटी तो सीटा झाडायला आत शिरला. पुढची सीट झाडली, मागे वळून पाहिलं, तर केस. पुन्हा झाडली, पुन्हा केस. काळे, लांब, भरघोस. विश्वंभर चिडला. "कोण आडदांड माझ्या गाडीत येऊन बसतो कोण जाणे!" असं म्हणून तो आणखी घासू लागला, तसे केस आणखी वाढले.

शोध अर्धवट सोडून तो निघाला तेव्हा साडेबारा झाले होते. धूळ उडू नये म्हणून गाडी अगदी हळू नेली.

अर्ध्या वाटेत समोरून अक्का येताना दिसली. डोक्यावर मोहाच्या लाडवांचा डबा, जवळच्या पायवाटेनं ओढा उतरून आल्यानं पाय गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेले. त्याला पाहून ती अशी हसली की तिचा सगळा शीण गेला.

"विशू! अरे, वाट बघून बघून निघाले शेवटी. चल."

तिनं दाराला हात घातला आणि विश्वंभरच्या तोंडून निसटलं, "अक्का, थांब! पाय!"

त्यानं घाईघाईनं वर्तमानपत्र पसरलं. "पाय ह्याच्यावर ठेव. डबा मांडीवर घे, तेल लागेल. आणि मागे टेकू नकोस हं."

अक्कानं दार हळूच लोटलं. "राहू दे रे. घर आलंच आता. मी चालतेच."

खरं सांगू, बाळांनो? विश्वंभरला हायसं वाटलं. सगळ्या जंगलानं पाहिलं, पुढे डबा घेऊन बहीण चालली आहे आणि मागे भावाची गाडी. तीही जरा अंतर ठेवून, कारण अक्काच्या पायांनी धूळ उडत होती.

घरी पाट मांडलेला होता. विश्वंभर टोपी घालून त्यावर बसला. अक्कानं निरांजन लावलं, तबक उचललं आणि ती त्याच्यासमोरून सरळ अंगणात गेली. तिनं बॉनेटला कुंकू लावलं, अक्षता टाकल्या आणि गाडीला ओवाळलं.

विश्वंभर साडीची घडी घेऊन धावत आला. "अगं अक्का, ही घे."

"तू कशाला देतोस? जिला ओवाळलं ती देईल," अक्का म्हणाली. तिनं जरा वेळ वाट पाहिली. गाडीनं तबकात काही घातलं नाही.

चारच्या बसनं ती परत निघाली. विश्वंभरला रडू फुटलं. "अक्का, चुकलो गं. चल, फाट्यापर्यंत तरी सोडतो. चिखलासकट बस. टेकून बस."

अक्कानं डोळे पुसले आणि ती काचेतून आत डोकावली.

"नको रे बाबा," ती म्हणाली. "माझ्या साडीला तुझे केस लागतील."

तात्पर्य : वेळ थोडा असेल तर कामाचे टप्पे नीट पाडावेत आणि आपली माणसं शेवटच्या टप्प्यात ठेवावीत. तिथवर कुणी पोचत नाही, त्यामुळे गाडी चकचकीत राहते. प्रस्तुत कथा सांगणाऱ्याच्या गाडीच्या सीटांवर शोरूममधलं प्लास्टिक सात वर्षं झाली, अजून तसंच आहे. त्याची बहीण त्याच गावात राहते. ती रिक्षानं येते.