रंगामामाचा टेंट

माझ्या रंगामामाला उघड्यावर बसलेली माणसं बघवत नाहीत. चारजण झाडाखाली गप्पा मारत बसले असले, तरी हा आधी वर बघतो, मग चारी बाजूंना बघतो आणि अस्वस्थ होतो. "उघडं दिसायलंय," म्हणतो. झाडाची सावली तो सावलीत धरत नाही. तिला झालर नसते.

जळकोटला त्याचं मंडप डेकोरेशनचं दुकान आहे. दुकान म्हणजे हायवेला लागून एक पत्र्याचं गोदाम, आणि त्यात खांब, कनाती, जाजमं, झुंबरं, नवरा-नवरीच्या लाल मखमली खुर्च्या. आसपासच्या गावांत बारसं असो की सभा, कापड मामाचंच. आणि ज्या जागेत कापड लावता येत नाही, ती जागा त्याच्या मते बांधणाऱ्यानं चुकवलेली असते. माझ्या सोलापूरच्या फ्लॅटची वास्तुशांत होती. बाकीचे पाहुणे स्वयंपाकघर बघत होते, बाल्कनी बघत होते. मामा हॉलच्या मधोमध मान वर करून उभा. शेवटी म्हणाला, "हॉल झकास हाय पोरी. पर स्लॅब मधी आलाय."

एकदा त्याचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. मी भेटायला गेले तर वॉर्डात त्याच्या कॉटभोवती सोनेरी काठाची गुलाबी कनात. गड्यांना फोन करून मागवली होती. राऊंडला आलेले डॉक्टर कनातीबाहेरच थबकले आणि नर्सला म्हणाले, "इथं काय कार्यक्रम आहे?"

"ऑपरेशन," आतून मामाच बोलला. "झालं कालच. या, बसा."

मामानं लग्न केलं नाही. कुणी कारण विचारलं की म्हणतो, "सीझनमधी मला येळ न्हाय, आन सीझन संपला की मुहूर्त न्हाय." आजी असेपर्यंत दोघंच त्या गोदामामागच्या घरात राहायची. आता तो एकटाच असतो.

तर गेल्या उन्हाळ्यात पुण्याहून सुनीलचा फोन आला. सुनील म्हणजे माझ्या मोठ्या मामांचा मुलगा. कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे आणि मोकळ्या हवेवर त्याचं पुस्तकी प्रेम आहे. त्यानं ठरवलं की सगळ्या घरानं एकत्र कॅम्पिंगला जायचं. जळकोटजवळच्या तळ्याकाठी. शांतता, शेकोटी, चांदणं, मनातलं बोलणं. त्यानं रंगामामाला फोन केला आणि म्हणाला, "काका, आम्ही सगळे येतोय. टेंट लावायचेत. तेवढी जागा बघून ठेवा."

मामाला त्यातला 'टेंट' हा शब्द ऐकू गेला. पुढचं त्याला ऐकायची गरजच वाटली नाही.

आम्ही सकाळी गाड्या घेऊन पोचलो, तर तळ्याकाठच्या रानात अख्खा शामियाना उभा. लाल-पिवळं छत, खाली जाजम, मधोमध झुंबर, स्टेजवर दोन मखमली खुर्च्या. बाजूला तीन दगडांच्या चुली पेटलेल्या, त्यावर माणूस बसेल एवढी पातेली. जनरेटर धडधडत होता आणि कर्ण्यातून सनई चालू होती. साऊंडवाल्याकडं सनईशिवाय काही नव्हतं. समोर मोठी कमान. तिच्यावर 'शुभ' एवढंच दिसत होतं, पुढं टॉवेल लटकावला होता.

"टॉवेल कशाला?" मी विचारलं.

"खाली 'विवाह' हाय," मामा हळूच म्हणाला. "दुसरी कमान भाड्यानं गेली."

सुनील हाफ पँटीत उभा होता. हातात त्यानं ऑनलाइन मागवलेल्या तंबूंच्या पिशव्या होत्या. त्यानं तळ्याच्या अगदी कडेला जाऊन एक पिशवी सोडली. आतून फट्‌कन निळा तंबू उमलला. मामा कुतूहलानं तिथं गेला, वाकून आत डोकावला, हातानं कापड चाचपलं.

"सुनील, ह्यात माणूस झोपतो, का माणसाला झाकून ठेवत्यात?"

"काका, याला कॅम्पिंग म्हणतात."

"म्हणू दे. पर खांब कुठाय त्याला?"

इथपर्यंत सगळं निभावलं असतं. पण उन्हं चढल्यावर वारा सुटला आणि कमानीवरचा टॉवेल उडाला. त्याच दिवशी तळ्याच्या पलीकडच्या काठाला कुणाचं तरी खरोखरचं लग्न होतं. वऱ्हाडाला पत्ता एवढाच माहीत: तळ्याकाठी. हायवेवरून आमची कमान दिसायची, त्यांची नाही. पहिली जीप वळली, तिच्यामागं टेम्पो वळला, मग मोटरसायकली.

बायका हिरव्यागार शालूत उतरल्या आणि सरळ जाजमावर येऊन बसल्या. आम्हांला वाटलं मामानं बोलावलंय. मामाला वाटलं सुनीलनं बोलावलंय. आणि सुनील नेमका त्या वेळी बायकोला घेऊन मखमली खुर्चीवर बसला होता, कारण सावलीत तेवढ्याच खुर्च्या होत्या.

एक म्हातारी काठी टेकत स्टेजवर चढली. तिनं सुनीलच्या बायकोला कुंकू लावलं, खणाची घडी हातात ठेवली. मग सुनीलकडं निरखून बघितलं. त्याचं टक्कल, पिकलेली दाढी, उघडे गुडघे. तिनं त्याच्या टकलावर टोपी घातली, खांद्यावर टॉवेल टाकला आणि खाली उतरताना शेजारणीला म्हणाली, "नवरदेव वयस्कर दिसायलाय."

"दुसरेपणाचा असंल," शेजारीण म्हणाली. "पर पँट तर पुरी घालायची की."

सुनीलची बायको त्याला सांगत होती, "उठा, उठा." पण समोर आता रांग लागली होती.

मी धावत मामाकडं गेले. "मामा, हे दुसऱ्याच लग्नाचं वऱ्हाड आहे!"

मामानं एकदा मांडवाकडं बघितलं. जाजम भरलं होतं. पोरं खांबांना लोंबकळत होती. त्याच्या तोंडावर अपराधाचा मागमूस नव्हता. उलट कुणीतरी देव्हाऱ्यात दिवा लावावा तसा तो उजळला होता.

"मग काय, उठवू त्यान्ला? मांडवात आल्याला माणूस हाय पोरी. वाढा रे!"

पंगती बसल्या. माझे मेव्हणे भात वाढत होते, मोठे मामा पाणी. पुण्याच्या मुली, ज्यांना घरी ताट उचलायचा कंटाळा, त्या पत्रावळ्या मांडत होत्या. सुनीलनं बारीक शेगडीवर पनीर भाजायला ठेवलं होतं. ते एका करवल्यानं येताजाता खाऊन टाकलं. पहिली पंगत उठता उठता खऱ्या नवरीचा बाप आला, घामाघूम, स्वतःचं वऱ्हाड शोधत.

"अहो, तिकडं अक्षता खोळंबल्यात!"

"खरंय," मामा म्हणाला. "पर तुम्ही सकाळधरनं काय खाल्लंय?"

त्या माणसानं आठवून बघितलं. काहीच नव्हतं. मामानं त्याला हाताला धरून बसवलं. तो जेवला, ढेकर दिली, डोळे पुसले आणि वऱ्हाड घेऊन गेला. जाताना आम्हां सगळ्यांना लग्नाचं आमंत्रणही देऊन गेला. सुनीलनं टोपी-टॉवेल तेवढ्यात परत केला.

मग वावटळ आली. शामियान्याची झालर थोडी फडफडली, बस्स. पण सुनीलचे तंबू एकामागोमाग एक उठले, काठावरून वासरांसारखे उधळले आणि तळ्यात गेले. सगळ्यांचे कपडे, चार्जर, सुनीलची दुर्बीण, सगळं त्यात. निळा तंबू थोडा वेळ तरंगला.

"कापड चांगलं होतं," मामा म्हणाला. "खांब न्हवते."

सुनील भडकला. आजवर काकापुढं त्याचा आवाज चढला नव्हता. "काका, मी वर्षभर सगळ्यांच्या सुट्ट्या जुळवत होतो. चार घटका शांत बसायचं होतं, एकमेकांशी बोलायचं होतं. तुम्ही त्याचा बाजार केलात! दिवसभर मी माझ्या सख्ख्या बहिणीशी दोन वाक्यं बोललो नाही. तिच्या हातात आमटीची बादली होती!"

"व्हय," मामा एवढंच म्हणाला, आणि सनई बंद करायला गेला.

गड्यांनी तळ्यातून ओढून काढलेले कपडे पिळून सगळे गाड्यांत बसले. फोन करून सोलापूरला हॉटेलात खोल्या घेतल्या होत्या. मामा प्रत्येक गाडीच्या खिडकीशी जाऊन "सावकाश जावा" म्हणत होता. मोठे मामाही लेकाबरोबर गेले. मागं राहिलो मी आणि माझी आई. तिला गाडी लागते, म्हणून ऊन उतरल्यावर निघू म्हणाली.

सूर्य तळ्यावर आला होता. गडी पातेली घासत होते. एवढ्या मोठ्या मांडवात आम्ही तिघंच. मामा जाजम गुंडाळायला वाकला तेव्हा आई म्हणाली, "रंगा, एवढं कशाला मांडलास रे? ते पोरगं काय सांगत होतं, ऐकायचं की."

मामा गुंडाळत राहिला. तिच्याकडं न बघताच म्हणाला, "माय गेली तवा गोदाम गच्च भरलं होतं आक्का. टाळेबंदी. एक लग्न न्हाय कुठं. सगळं कापड घरात, आन दारात एक बांबू रोवू दिला न्हाय कुणी. तू सोलापुरात, दादा पुण्यात. मी आन तोंड बांधल्याली चार माणसं. कोण होती तेबी कळलं न्हाय. तेराव्याला माझं एकट्याचं पान."

आई उभीच होती.

"सुनील म्हणला, सगळी यायलेत. म्हणलं, मग मायचं जेवण आताच करू. आचाऱ्याला सांगितलं, मायला आवडायची ती हुग्गी कर. गूळ जरा हात सोडून घाल." त्यानं जाजमाचं टोक सरळ केलं. "कुणाला सांगितलं न्हाय. सांगितलं असतं तर रडत बसली असती सगळी. पोरांची सुट्टी होती."

तळ्यापलीकडं त्या लग्नाचा बँड वाजत होता. आईनं पदरानं तोंड पुसलं. मग एकदम विचारलं, "तू जेवलास का?"

मामानं आठवून बघितलं. "न्हाय वाटतं."

"बस खाली."

"अगं, हे आवरू दे—"

"रंगा. बस."

तो बसला. गुंडाळलेल्या जाजमाशेजारी, उघड्या मातीवर मांडी घालून. आईनं पातेल्यांची झाकणं उचलून बघितली. भात संपला होता, आमटी संपली होती. एकाच्या तळाशी हुग्गी होती, ती गव्हाची घट्ट खीर, थोडी लागलेली. तिनं उलथन्यानं खरवडून पत्रावळीवर वाढली आणि त्याच्यासमोर बसली.

मामानं पहिला घास घेतला. बराच वेळ चावत राहिला.

"गूळ बराबर पडलाय," म्हणाला.

आईनं आणखी खरवडून वाढली. नको म्हणायला त्यानं हात आडवा केला नाही.