कलेजीला किती शिट्ट्या?

"कलेजी? अगं, माझ्या हातची कलेजी बिनदाताच्या माणसानंसुद्धा खावी!" अमेरिकेतल्या शुगर लँड गावच्या आपल्या घरात रवींद्रनं बायकोला, सुनेत्राला, छातीठोकपणे सांगितलं, आणि तिथंच सगळं बिघडलं!

लेकीचं, रुहीचं, लग्न कोडीशी ठरायचं होतं. कोडीला वाढवलं त्याच्या आजीनं, मिस लोरेटानं. तिच्या होकाराशिवाय तो अंगठीच्या दुकानाची पायरीही चढणार नव्हता. शनिवारी आजी जेवायला येणार होत्या, आणि कोडी म्हणाला होता, "ग्रँडमा दर वीकेंडला बीफ लिव्हर करायची. भरपूर कांदा, वर ग्रेव्ही. सो टेंडर!"

सुनेत्रा शाकाहारी. "माझ्या किचनमध्ये बीफ नाही. गराजमध्ये काय ते कर. आणि तो कुकर परत आत आणायचा नाही!"

गराजमध्ये शेगडी मांडली. रवींद्रनं कांदा उभा चिरला, मंद आचेवर परतला. कांदा आधी लाजला, मग गुलाबी झाला, मग मधाच्या रंगाचा होऊन तेलात लोळू लागला. इथवर सगळं दृष्ट लागण्यासारखं! मग त्यानं कलेजी टाकली, आणि जन्मभर मटणाला जे केलं तेच केलं. कुकरचं झाकण लावलं!

"बाबा, नो! लिव्हर पॅनवर दोन-चार मिनिटं, दॅट्स इट!" रुही ओरडली.

"दोन-चार मिनिटांत कुठं टेंडर होतं? शिट्ट्या हव्यात!"

शिट्टी झाली. समोरच्या घरातला कुत्रा दर शिट्टीला सूर धरू लागला.

"अरे, चाखून तरी बघ!" दारातून सुनेत्रा म्हणाली.

"मी बीफ कुठं खातो?"

"मग शिजलंय हे कळणार कसं?"

"अंदाजानं!" म्हणत त्यानं आणखी शिट्ट्या होऊ दिल्या.

टेबलावर आजींनी कलेजीवर सुरी टेकवली. सुरी घसरली, तुकडा उडाला तो थेट कोडीच्या मांडीवर! दुसरा तुकडा आजींनी अख्खाच तोंडात टाकला. नेमकं तेव्हाच कोडीनं घाम पुसत विचारलं, "ग्रँडमा, आम्हाला लग्न करायचंय. तुझा आशीर्वाद आहे ना?"

आजी चावत होत्या. जातं फिरावं तसा जबडा फिरत होता. मान हलली, पण ती होकाराची की घासाची, कुणाला कळेना!

"बाबा, यू किल्ड माय वेडिंग," रुही डोळ्यांत पाणी आणून पुटपुटली.

शेवटी आजींनी नॅपकिन तोंडाशी नेला आणि एक लांब श्वास घेतला. "हनी, लिव्हर मला कधीच आवडलं नाही. कोडीच्या आजोबांसाठी करायचे. ते गेल्यावर या पोरासाठी. किती आवडीनं खायचा!"

"मी?" कोडी उडालाच. "मी तुला वाईट वाटू नये म्हणून खायचो!"

दोघं एकमेकांकडे बघून हसू लागले, आणि हसता हसता आजींचे डोळे भरून आले.

सुनेत्रानं स्वतःसाठी केलेली भरली वांगी पुढं सरकवली. आजींनी एक खाल्लं, दुसरं खाल्लं, ताटातला रस्सा ब्रेडनं पुसून घेतला. मग रुहीचा हात हातात घेतला.

"करा लग्न. खुशाल करा! माझी फक्त एक अट."



आजींनी काटा रवींद्रकडे रोखला. "त्या दिवशी या गृहस्थाला शेगडीजवळ फिरकू द्यायचं नाही."

"डन!" सुनेत्रा म्हणाली. नवरानवरीच्याही आधी!